टॅकल कुणाच्या नावावर

आयुष्यात मी पैज एकदाच लावली, पाच डॉलरची, आणि हरलो. पाच डॉलरचं काही वाटलं नाही. पण ज्या कारणाने हरलो, ते कारण या अख्ख्या अमेरिकेत माझ्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असायला नको होतं, आणि नेमकं तेच मी विसरलो, याचा राग आला. रागीट मी आहेच. बायको म्हणते, आधी तुमचा राग घरात येतो, मग तुम्ही येता.

आम्ही अ‍ॅशबर्नला राहतो. मी इथल्या एका डेटा सेंटरमध्ये यंत्रं थंड ठेवणाऱ्या विभागात आहे. दिवसभर पंख्यांच्या घरघरीत काम करायचं, म्हणून माझा आवाज मोठा झालाय, असं मी सांगतो. सांगलीकडचे लोक हे ऐकून हसतात, कारण त्यांनी माझा आवाज मी इथे येण्याआधी ऐकलेला आहे.

आमची मुलगी इथेच जन्मली, इथेच शिकली. आकडेमोडीचं शिक्षण घेतलं, चांगल्या नोकरीला लागली, आणि एका सकाळी तिच्या कंपनीने पन्नासेक जणांना एकाच ई-मेलने घरी पाठवलं, त्यात तीही होती. सव्वीस वर्षांची मुलगी सामान घेऊन परत घरी, तिच्या शाळेच्या दिवसांतल्या खोलीत राहायला आली. भिंतीवर अजून तिचे विज्ञान प्रदर्शनाचे फोटो होते. ती अर्ज करायची, लॅपटॉपसमोर बसून मुलाखती द्यायची, आणि आठवड्याभराने नकार यायचा. असे अकरा महिने गेले. मी सुरुवातीला बापाने द्यायचे ते सगळे सल्ले दिले. ‘मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा’ असं दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत तिच्या खोलीचं दार बंद झालं होतं. नंतर आमच्या दोघांत रोजची दोनच वाक्यं उरली. ‘जेवलीस का?’ आणि ‘हो.’

त्या वर्षीच्या फुटबॉलच्या हंगामात तिला एका कंपनीने चाचणी म्हणून काम दिलं. ही कंपनी सामन्यांवरच्या पैजांचे भाव ठरवून देते. काम चांगलं केलं तर मुलाखत, मुलाखत चांगली झाली तर नोकरी.

बायकोने ऐकलं आणि हातातलं लाटणं खाली ठेवलं. ‘‘जुगाराच्या कंपनीत?’’

‘‘आई, मी खेळणार नाहीये. मी फक्त प्राइस सेट करणार.’’

‘‘म्हणजे अड्डा चालवणार.’’

खरं सांगायचं तर मलाही ते आवडलं नव्हतं. आजही पूर्ण आवडत नाही. अंगठ्याच्या एका टिचकीसरशी पैसे लागतात आणि जातात, हे मी कामावरच्या पोरांच्या फोनवर बघतो. पण ती त्या दिवशी लॅपटॉप घेऊन खाली आली आणि जेवणाच्या टेबलाशी बसली. कित्येक महिन्यांनी ती त्या खोलीबाहेर काम करत होती. माझी तत्त्वं मी मुकाट्याने गिळली.

इथला फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा नव्हे. चेंडू हातात घेऊन पळायचं, आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला धरून पाडायचं. धरून पाडलं की तो टॅकल. कोण जिंकणार यावर तर पैजा लागतातच, पण त्याशिवाय एकेका खेळाडूवरही लागतात. बहुतेक लोक पळणाऱ्यांवर आणि फेकणाऱ्यांवर लावतात. मुलीच्या वाट्याला आली होती दुसरी बाजू, बचाव करणाऱ्यांची. म्हणजे अमुक गडी आज किती टॅकल करेल? कंपनी म्हणते, साडेसहा. तुम्ही म्हणायचं, जास्त किंवा कमी. अर्धा टॅकल कुणालाच करता येत नाही, त्यामुळे बरोबरी होत नाही. कुणीतरी जिंकतो, कुणीतरी हरतो. तिला दहा बचावपटूंसाठी असे आकडे काढायचे होते आणि ते का, हेही लिहायचं होतं. त्यासाठी आधीचे सामने बघून प्रत्येक टॅकल कुणी केला, याची तिने स्वतः नोंद करायची होती.

आपणही हे समजून घ्यावं म्हणून मी फोनवर ते अ‍ॅप घेतलं. सगळ्यात चांगला बचावपटू कोण, हे कामावर विचारून घेतलं. तो मैदानाच्या कडेला उभा राहतो, त्या जागेला कॉर्नर म्हणतात. त्याच्या टॅकलवर मी पाच डॉलर लावले, ‘जास्त’. सामना सुरू झाला. माझा गडी बँकेच्या दारातल्या वॉचमनसारखा उभा. त्याच्याकडे कुणी फिरकेचना. सगळा खेळ पलीकडच्या बाजूला. शेवटी त्याच्या नावावर एक टॅकल लागला.

मी टीव्हीला उद्देशून बरंच काही बोललो. मुलगी टेबलाशी बसली होती. ती हसली. मोठ्याने हसली. त्या घरात तो आवाज किती दिवसांनी आला, हे बायकोच्या चेहऱ्यावर मला दिसलं.

‘‘बाबा, त्याच्याकडे कोणी बॉल टाकतच नाही. ही इज टू गुड.’’

मी टीव्हीचा आवाज बंद केला. कारण मी स्वतः सात वर्षं कबड्डीत डावा कोपरा सांभाळला होता.

आमच्या गावच्या संघात माझी घोट्याची पकड नावाजलेली होती. चढाईला आलेला गडी मध्यरेषा ओलांडायचा, एकदा माझ्याकडे बघायचा आणि आमच्या उजवीकडे वळायचा. उजव्या कोपऱ्याला एक गरीब स्वभावाचा मुलगा होता. सगळे त्याच्यावर जायचे. दहा वेळा गेले की चार वेळा तो धरायचा. मी एकदा-दोनदा धरायचो, कारण माझ्याकडे यायचंच एक-दोन जण. मग बक्षीस समारंभात ‘उत्कृष्ट पकड’चं भिंतीवरचं घड्याळ त्याला मिळायचं, आणि मी लाल मातीत माखलेला, टाळ्या न वाजवता उभा. एका वर्षी तर मी मंडपातूनच निघून गेलो. तो मुलगा घड्याळ घेऊन माझ्या मागे आला. ‘‘तुझ्याकडे कुणी येत नाही म्हणून माझ्याकडे येतात रे,’’ म्हणाला. मी त्याचं ऐकून घेतलं नाही. त्याचं म्हणणं मला पटायला अमेरिकेत येऊन पाच डॉलर घालवावे लागले.

हे सगळं मी मुलीला सांगितलं. सांगायला लागलो ते सांगतच सुटलो. आपला बाप कबड्डी खेळायचा एवढं तिला माहीत होतं, एक धुरकट फोटो तिने पाहिला होता, पण कधी काही विचारलं नव्हतं. मीही कधी सांगितलं नव्हतं. इथे कुणाला काय त्याचं? तिने लॅपटॉप अर्धा बंद केला आणि म्हणाली, ‘‘वेट. ते उजव्या कोपऱ्याचं पुन्हा सांग.’’

माझ्याकडे जे काही होतं त्याचा या देशात कुणाला उपयोग होईल, असं मला तोपर्यंत वाटलं नव्हतं. तिच्या त्या एका वाक्याचे उपकार मी विसरणार नाही.

पुढचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. मी पाच वाजता घरी यायचो, बायको चहा टाकायची, आणि आम्ही बापलेक सामने बघायचो. ती थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा बघायची. मी तिला दाखवायचो की पळणारा इकडे का वळला, त्याला कुणी वळवलं, कुणाच्या शेजारचा गडी लंगडतोय आणि म्हणून कुणाच्या अंगावर जास्त काम पडणार आहे. वाईट संघाचे बचावपटू जास्त टॅकल करतात, कारण त्यांचा संघ चेंडू हातात ठेवू शकत नाही आणि बिचारे दिवसभर धरपकडच करत राहतात, हे आम्ही दोघांनी मिळून शोधून काढलं. अर्थात ते धंद्यातल्या सगळ्यांना आधीच माहीत होतं. पण आम्हाला झालेला आनंद खरा होता.

तिनेही मला शिकवलं. पळणाऱ्यावर दोघं एकदम पडले तर काय लिहायचं, हे मैदानावरचा नोंद ठेवणारा माणूस ठरवतो. कुणी एकाच्याच नावावर पूर्ण टॅकल लिहितो, त्याला सोलो म्हणतात. कुणी सढळ हाताचा असतो, तो दोघांनाही असिस्ट, म्हणजे मदतीची नोंद, देऊन टाकतो, आणि पैजेत असिस्टही धरतात. त्यामुळे काही मैदानांवर सगळ्यांचेच आकडे फुगतात. ‘‘म्हणजे फक्त प्लेअरची नाही, त्या पेन्सिलवाल्याचीपण प्राइस काढायची,’’ ती म्हणाली. मला हे लगेच कळलं. आमच्याकडे गुण लिहायला शाळेतले चित्रकलेचे सर बसायचे. गर्दी झाली की त्यांना दिसायचं नाही. मग ते मान वर करून विचारायचे, ‘‘कुणी धरला रे?’’ आणि ज्याच्या नावाचा आवाज मोठा, त्याची पकड. सर देवमाणूस होते, पण त्यांच्या पेन्सिलीवर मी सात वर्षं दात खाल्ले.

मुदत जवळ आली तशी तिची धावपळ सुरू झाली. दोन सामने बघायचे राहिले होते. ‘‘बाबा, हे दोन तू करशील?’’ तिने विचारलं. मी शुक्रवारची रजा टाकली. वही, पट्टी, दोन रंगांची पेनं. सकाळपासून बसलो. कुणाचा सोलो, कुणाचा असिस्ट, सगळं नीट लिहिलं. इतकं मन लावून मी माझ्या स्वतःच्या परीक्षेचाही पेपर लिहिला नव्हता. तिने ते जसंच्या तसं घेतलं आणि शनिवारी दुपारी सगळं काम पाठवून दिलं.

चार वाजता ती स्वयंपाकघरात आली. चेहरा उतरलेला. तिने सहज म्हणून माझे आकडे अधिकृत तक्त्याशी ताडून पाहिले होते. ज्या गड्याच्या नावावर तिथे नऊ होते, त्याला मी तीन दिले होते. ज्याला त्यांनी एकही दिला नव्हता, त्याला माझ्या वहीत सहा.

‘‘बाबा, हा चोपन्न नंबर. हा तर रनरला टचसुद्धा करत नाही.’’

‘‘पण वाट त्यानेच अडवली ना! तो नसता तर तो पळणारा गेला असता की बाहेरून!’’

‘‘दॅट्स नॉट अ टॅकल, बाबा.’’

कबड्डीत ज्याने पहिला घोटा धरला, पकड त्याची. मागून पाच जण येऊन पडतात ते मदतनीस. हे माझ्या हाडात भिनलं होतं. त्यावर आणखी एक पाऊल पुढे जाऊन मी, ज्याने गड्याला कोंडीत आणलं त्यालाच सगळं देऊन टाकलं होतं. माझ्या डोळ्यांना तेच दिसत होतं. आणि चूक कबूल करायची सोडून मी ओरडायला लागलो. त्यांचा तो नोंदवाला आंधळा आहे, वगैरे. बायको मध्ये पडली. ‘‘अहो, तुमचा सामना नाही तो. पोरीचं काम आहे.’’

मुलगी ओरडली नाही. ती म्हणाली, ‘‘लोक जे खरं झालं त्याच्यावर बेट करत नाहीत. शीटवर जे येतं त्याच्यावर करतात. पैसे त्याच्यावरच मिळतात.’’ एवढं बोलून ती वर गेली. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. दहापैकी चार आकडे माझ्यामुळे फसले होते, आणि पाठवलेलं काम परत घेता येत नव्हतं. अकरा महिन्यांनी एक दार किलकिलं झालं होतं आणि मीच त्यात पाय घातला होता.

तरी मुलाखतीचं बोलावणं आलं. मंगळवारी सकाळी अकरा वाजता, लॅपटॉपवरच. मी शिफ्ट बदलून घेतली. ती जेवणाच्या टेबलाशी बसली. आम्हा दोघांना स्वयंपाकघरात बसवून तिने हुकूम सोडला होता, कुकर नाही, मिक्सर नाही, फोडणी नाही. बायको मेथी निवडत होती. मीही एक जुडी घेतली, हाताला काहीतरी हवं म्हणून. कान मात्र बाहेर.

समोर दोघं होते, एक तरुण बाई आणि एक जाड आवाजाचा, वयस्कर वाटणारा माणूस. बाईंचे प्रश्न झाले. मुलगी ठीक बोलत होती, पण आवाज बारीक, जणू नकार येणार हे धरूनच. मग त्या माणसाने विचारलं, ‘‘हे दोन सामने. यांचे आकडे अधिकृत तक्त्याशी अजिबात जुळत नाहीत. हे काय झालं?’’

बायकोचे हात थांबले.

मग मुलगी म्हणाली, ‘‘ती माझी चूक. मी तपासायला हवं होतं.’’ बस, एवढंच. माझा उल्लेखही नाही.

तपासायला हवं होतं हे खरं. पण चूक माझी होती, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत तिच्या नावावर लिहिली जात होती. मला ते सहन झालं नाही. बायकोने बाही धरायला हात पुढे केला, पण मी बनियनवर होतो, बाही नव्हतीच. पुढच्या क्षणी मी मुलीच्या खुर्चीमागे उभा होतो, हातात मेथीची जुडी.

‘‘सर, माफ करा,’’ मी माझ्या इंग्रजीत म्हणालो. ‘‘ते दोन सामने मी केलेत. मी तिचा बाप. तो सोलो तिच्या नावावर लिहू नका. तिला फार तर असिस्ट द्या.’’

मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्या बाई बघतच राहिल्या. जाड आवाजाचा माणूस थोडा पुढे वाकला.

‘‘सर, एक सांगा. चोपन्न नंबर. त्याने कुणाला हातही लावला नाही. त्याला सहा टॅकल का?’’

मी सांगितलं. पळणाऱ्याला कडेने जायचं होतं. हा तिथे आधीच उभा होता, म्हणून त्याला आत वळावं लागलं. आत बाकीचे वाट बघतच होते. मी सात वर्षं कोपऱ्यात खेळलोय, मला दिसतं. कसला कोपरा, त्याने विचारलं. कबड्डी, मी म्हणालो. त्याला ते ठाऊक नव्हतं. शब्दांत सांगता येईना, म्हणून मी खाली बसलो आणि पकड दाखवायला मुलगी बसली होती त्याच खुर्चीचा पाय धरला. खुर्ची हलली. ती किंचाळली. तो माणूस खदखदून हसला.

नंतर म्हणाला, आपण पूर्वी शाळेतल्या मुलांना बचाव शिकवायचो. असं वाट अडवणाऱ्या मुलाच्या हेल्मेटवर आपण एक स्टिकर चिकटवायचो, कारण तक्त्यात त्याचं नाव कधीच यायचं नाही. ‘‘पण सर, आमचा धंदा स्टिकरवर चालत नाही.’’ मग ‘थँक यू, सर’ म्हणाला, आणि ते अशा सुरात की, कुठल्याही देशातला माणूस समजून जाईल. मी काढता पाय घेतला. त्या माणसाने मला हाकलून दिलं असतं तरी चूक नव्हती. त्याने मला आधी विचारलं आणि ऐकून घेतलं. चित्रकलेच्या सरांनी सात वर्षांत ते एकदाही केलं नव्हतं. मी त्याचा आभारी आहे.

बायकोने माझ्या हातातली जुडी काढून घेतली. मुलाखत आणखी वीस मिनिटं चालली. कान देऊन ऐकायची माझी हिंमत झाली नाही.

गुरुवारी नकार आला. दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा. तिने तो टेबलाशी बसून वाचला आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मी दोनदा वाचला.

‘‘माझ्यामुळे गेलं गं,’’ मी म्हणालो. ‘‘चुकलो मी.’’ त्यापुढे ‘पण’ न लावता मी हे वाक्य बहुधा पहिल्यांदाच बोललो असेन.

‘‘मे बी,’’ ती म्हणाली. खोटी समजूत काढणारी मुलगी नाही ती. ‘‘फोर नंबर्स चुकले, त्यामुळेही असेल. तू खुर्ची धरलीस त्यामुळेही असेल.’’

मी मान खाली घातली.

‘‘बाबा, ऐक ना. इतके महिने मी किती इंटरव्ह्यू दिले. दर वेळी तिकडे दोघं-तिघं, आणि या साइडला मी एकटी. तू मागे येऊन उभा राहिलास तेव्हा मला इतका राग आला, यार. आणि मग भीतीच गेली. त्याच्यानंतरची वीस मिनिटं मी जशी बोलले ना, तशी मी आतापर्यंत कुठेच बोलले नव्हते.’’

बायकोने डोळे पुसले आणि उगाचच ओटा पुसायला घेतला.

मुलीने लॅपटॉप परत स्वतःकडे वळवला. पुढच्या बुधवारी दहा वाजता आणखी एक मुलाखत होती, एका हॉस्पिटलच्या आकडेवारीच्या कामाची. तिने ते बोलावणं मला वाचून दाखवलं, आणि स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, ‘‘शिफ्ट बदलून मिळेल का तुला? आत यायचं नाही हां. फक्त किचनमध्ये बस.’’

मी तिथेच उभ्या उभ्या कामावर फोन लावला.